डब्यातलं दहावं नाव

मला लिहिता-वाचता येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मुंबईच्या ज्या गणित विभागात मी शिपाई होतो, तिथल्या जुन्या कागदांवर माझा अंगठा आहे. नोकरीला लागलो त्या दिवशी कारकुनाने माझे कपडे बघितले, मिठाने फाटलेले पाय बघितले आणि काही न विचारता शाईची गादी पुढे सरकवली. मी तिसरी पास. पण त्याने विचारलं नाही आणि मला राग आला. म्हटलं, घे बाबा अंगठा. त्या रागापायी पुढे किती वर्षं छातीत धडधडणार आहे हे माहीत असतं, तर दौत-टाक मागून घेतला असता. नाही, खरं सांगायचं तर तेव्हाही मागितला नसता. माझा स्वभाव मला माहीत आहे.

त्या अंगठ्यामुळेच माईणकर सरांनी माझ्या हातात डबा दिला.

माईणकर सर विभागाचे प्रमुख. ठेंगणे, काळा कोट, आणि कोटाची उजवी बाही कायम पांढरी. पुसायला मी स्वच्छ कापड ठेवायचो, तरी फळा बाहीनेच पुसायचे. नवा खडू हातात आला की आधी मधोमध मोडायचे. अख्खा खडू किंचाळतो, म्हणायचे. तो मोडल्याचा टक् आवाज व्हरांड्यापर्यंत यायचा आणि तिथे गप्पा मारत उभे असलेले चांगले शिकलेसवरलेले लोक एकदम गप्प व्हायचे. सर कधी ओरडले नाहीत. कोणाला अरेतुरे केलं नाही. त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'कशावरून?' त्या एका शब्दाने मी मोठमोठ्यांना घाम फुटलेला पाहिलाय.

मलाही सोडायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, सर, छत्री घेऊन जा, पाऊस येणार. "कशावरून?" म्हटलं, ढग आलेत. ढग कालही होते, म्हणाले. म्हटलं, वारा फिरलाय. वारा सकाळीही फिरला होता. शेवटी वैतागून सांगितलं की माझा गुडघा दुखतोय. तेव्हा मान हलवली. "हं. हे आधी सांगायचं." आणि छत्री घेऊन गेले.

दर गुरुवारी दुपारी तीनला विभागात कोणीतरी एकजण आपण काय नवीन शोधलं ते बाकीच्यांसमोर सांगायचा. दुसरीकडे म्हणे कोण बोलणार ते महिनाभर आधी ठरतं. सरांना ते पसंत नव्हतं. म्हणायचे, जो एकाच गुरुवारसाठी तयार असतो तो बाकीचे गुरुवार झोपलेला असतो. म्हणून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात पुठ्ठ्याचे नऊ तुकडे, एकेकावर एकेकाचं नाव, सरांच्या अक्षरात, मराठीत. त्यात सरांचं स्वतःचंही. तीनला पाच मिनिटं कमी असताना डबा उघडायचा, एक नाव काढायचं, सर ते वाचून पुठ्ठा परत डब्यात टाकणार, आणि ज्याचं निघेल त्याने त्याच क्षणी उठून फळ्याकडे जायचं. काढणारा असा हवा की ज्याला वाचता येत नाही, म्हणजे कोणाला संशय नको. सरांनी कारकुनाला विचारलं, नवा शिपाई कसा आहे? तो म्हणाला, अंगठेबहाद्दर. झालं. आता खरं सांगायला जावं तर खोटारडा ठरतो आणि नोकरी जाते. गावाकडे बायको, दोन मुली, म्हातारा बाप. मी गप्प बसलो.

गुरुवारी दुपारचं जेवण त्या मजल्यावर कोणाला गोड लागत नसे. केणी म्हणून एक गमत्ये प्राध्यापक होते, तेसुद्धा अडीचनंतर नुसती लवंग चावत बसायचे. मी डबा घेऊन आलो की म्हणायचे, "आला बघा यमाचा हात." सगळे हसायचे, पण बघायचे माझ्या हाताकडे. नाव निघालेला माणूस उठायचा तेव्हा खुर्चीचा पाय फरशीवर खरवडायचा, तो आवाज मला आजही चालत नाही. इथे कामोठ्याला थोरल्या मुलीने डायनिंग टेबलाच्या खुर्च्यांना रबर लावून घेतलंय, माझ्यामुळे.

भाषण सगळं इंग्रजीत. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, हे कबूल. पण मी दारात उभा राहून माणसांच्या टाचा बघायचो. ज्याला आपलं नक्की माहीत आहे त्याच्या टाचा जमिनीला टेकलेल्या असतात. सर शेवटच्या बाकावर दाराजवळ बसायचे, म्हणजे त्यांचा तो शब्द बोलणाऱ्याला पाठीमागून यायचा. एकदा एक गोरा पाहुणा आला होता, मोठा नावाजलेला. सरांनी त्यालाही तेच विचारलं, इंग्रजीत. गोरा हसला, फळ्याकडे वळला, बराच वेळ उभा राहिला आणि मग अर्धा फळा स्वतःच पुसून टाकला. त्या दिवशी मला विनाकारण छाती फुगल्यासारखं वाटलं.

भाषण संपलं की व्हरांड्यात चहा. तिथे सरांचा नियम होता की भाषण चांगलं होवो की बुडो, बोलणाऱ्याचा पहिला कप सर स्वतः ओतणार, आणि तो संपेपर्यंत कोणी जायचं नाही. ज्याचं बुडालं असेल त्याला तो कप विषासारखा लागायचा. पळूनही जाता यायचं नाही. तिथेच खांबावर खडूने रेघोट्या मारत पुन्हा सगळे त्याच प्रश्नाला लागायचे. दुसऱ्या दिवशी खांब मीच पुसायचो.

पागेबाई तिथल्या एकट्या बाई. नोकरी कच्ची, वर्षावर्षाची. पहिल्यांदा त्यांचं नाव निघालं तेव्हा अर्धा तास बोलल्या, मग मागून 'कशावरून?' आलं आणि त्या थांबल्या त्या थांबल्याच. फळ्याकडे तोंड, हातात खडू, टाचा वर. सर म्हणाले, पुढच्या वेळी पूर्ण करा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनसुद्धा बशीत सांडला. पुढच्या वेळी असंच झालं तर त्यांची नोकरी पक्की होणार नाही, हे शिपायालासुद्धा कळत होतं.

आता माझा गुन्हा सांगतो. इतकी हुशार माणसं, पण एक गोष्ट त्यांच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. पुठ्ठे तेच होते, वर्षानुवर्षं. माझं लहानपण मिठागरात गेलं. आमच्याकडे पाणी किती जड, म्हणजे किती खारट झालं ते बोटाने बघतात. केणींच्या पुठ्ठ्याला एक कोपरा नव्हता. सरांचा चहाने फुगला होता. पागेबाईंच्या पुठ्ठ्याची एक कड मऊ पडली होती, कानाच्या पाळीसारखी. डबा आवरताना नावं वाचायचो, त्यामुळे कोणता कोणाचा ते बोटांना पाठ झालं होतं. तोवर मी त्याचा उपयोग केला नव्हता. त्या चहाच्या कपानंतर केला. हात डब्यात गेला आणि मऊ कड लागली की बोट पुढे जायचं. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. वाटायचं, बाईंवर उपकार करतोय. आणि दर गुरुवारी हात बाहेर काढेपर्यंत माझा श्वास बंद.

माझं गाव समुद्रापलीकडे, द्रोणागिरीच्या डोंगराखाली. आज तिथे कंटेनरच्या गाड्या उभ्या असतात. गावातल्या शाळेत फळा आहे असं मी एकदा बोललो, तेव्हापासून दर माघात सर सगळा विभाग घेऊन आमच्याकडे यायचे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, मोऱ्याला उतरायचं, पुढे बैलगाडी. डबा माझ्या मांडीवर. शाळेच्या ओसरीत गावातली माणसं बसायची, इंग्रजी ऐकायला. कोणाला काही कळायचं नाही, पण उठून कोणी जायचं नाही.

सगळा विभाग ज्यांना भ्यायचा ते सर पाण्याला भ्यायचे. लाँचमध्ये इंजिनाजवळ, समुद्राकडे पाठ करून बसायचे आणि माझं मनगट धरायचे. पाणी तळ्यासारखं शांत असलं तरी. "पाण्याला कशावरून म्हणून विचारता येत नाही, हिराजी," म्हणायचे. तरी यायचे. बाकीच्यांना दर गुरुवारी घाबरायला लावतो, मग वर्षातून एकदा आपणही घाबरायला हवं, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या वर्षी लाँच धक्क्यापासून सुटली, सरांनी मनगट धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नऊ नावं. एकोणसाठ गुरुवार. पागेबाईंचं एकदाही नाही."

मी मोकळ्या हाताने डब्याचं झाकण दाबून धरलं.

"आपोआप असं हजारात एखाद्या वेळी होईल. मी मांडून पाहिलं." मग बुटांकडे बघत म्हणाले, "आता काही सांगू नकोस. पाण्यावर मला विचार सुचत नाही. जमिनीवर बोलू."

मोऱ्यापर्यंतचा तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. आपलं बोट कोणी पाहिलं नाही या भरवशावर होतो मी. आणि या माणसाने बोटाकडे न बघता, नुसतं मोजून मला पकडलं होतं. त्यांचा हात घामाने ओला, माझं मनगट घामाने ओलं. इंजिनाच्या आवाजात आम्ही दोघे भिऊन बसलो होतो, ते पाण्याला आणि मी त्यांना. समोर केणी काहीतरी गमती सांगत होते आणि बाकीचे हसत होते.

घरी बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. जेवण झाल्यावर परसात पागेबाईंच्या हातावर पाणी घालत होतो. एकदम म्हणाल्या, "हिराजी, माझं नाव का निघत नाही हो?"

मी तांब्या खाली ठेवला.

"बुधवारी रात्री झोप नाही. गुरुवारी सकाळपासून अन्न जात नाही. तीनला कळतं की आज नाही, की पुढच्या बुधवारची भीती सुरू होते. दीड वर्ष झालं. एकदा निघू दे. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

ज्याला मी उपकार समजत होतो त्याने त्या बाईला मी दीड वर्ष रोज थोडं थोडं मारत होतो.

शाळेत सगळे बसले. सर मागे, दाराशी, कोळणींच्या टोपल्यांजवळ. मी डबा उघडला. सर माझ्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, आता बाईंचं काढलं तर कबुली होते आणि नाही काढलं तरी होते. मग म्हटलं, जाते तर जाऊ दे नोकरी. बोटांनी मऊ कड शोधली आणि पुठ्ठा सरांच्या हातात दिला.

पागेबाई उठल्या. बोलत बोलत बरोबर त्याच जागी आल्या आणि थांबल्या. खडू तसाच, टाचा वर. माझी चुलती हळूच म्हणाली, "पोर घाबरलीय गो. पानी द्या तिला कुनी."

मागून शब्द आला. "कशावरून?"

बाई वळल्या नाहीत. मराठीत म्हणाल्या, "येत नाही, सर. इथपर्यंत येतं. पुढे येत नाही."

मी डोळे मिटले. सर म्हणाले, "इथपर्यंत कशावरून?"

मग खडूचा आवाज सुरू झाला. डोळे उघडले तर बाईंच्या टाचा जमिनीवर. पहिल्यापासून इथपर्यंत सगळं पुन्हा, एकेक पायरी, चांगला पाऊण तास. जे येत नव्हतं ते त्या दिवशीही आलं नाही. पण बायकोच्या किटलीतला बिनदुधाचा चहा सरांनी ओतून दिला तो त्यांनी सांडला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची नोकरी पक्की झाली.

परतताना सर बैलगाडीत बसले नाहीत. मला घेऊन मिठागराच्या बांधावरून चालत निघाले, मध्ये मध्ये पाण्यापासून लांब सरकत. म्हणाले, पुठ्ठे झिजतात हे मला सुचायला हवं होतं. मी हो म्हटलं. मग उभे राहिले. "बोटाला पुठ्ठा ओळखू येईल. पण तो कोणाचा, हे कळायला तो एकदा तरी वाचावा लागतो. मग तुला वाचता येत नाही हे कशावरून?"

मी सगळं सांगितलं. कारकून, शाईची गादी, राग. माझ्या बोलण्यात माफी नव्हती. तोंडातून निघालीच नाही. सर ऐकून घेत होते. मला वाटलं आता म्हणतील उद्यापासून येऊ नकोस. ते इतकंच म्हणाले की पहिल्या तारखेपासून सही करायची.

पुढच्या गुरुवारी डबा उघडला तर आत नवे पुठ्ठे. सगळे एकाच जाड कागदाचे, सरांनी स्वतः कापलेले, बोटाला सगळे सारखे. मोजले तर दहा. दहाव्यावर लिहिलं होतं, हिराजी घरत.

मी म्हटलं, सर, मी काय बोलणार? म्हणाले, "ते तू ठरव. तीनला तयार असायचं."

त्यानंतर वर्षभर मी स्वतःच्या हाताने स्वतःची भीती चाचपत होतो. दर गुरुवारी. आपलं निघालं तर नऊ प्रोफेसरांसमोर उभं राहायचं आणि मागून तो शब्द येणार. केणींनी यमाचा हात म्हणणं सोडून दिलं. म्हणायचे, "हिराजी, आता तूही आमच्यातला." लवंग मलाही द्यायला लागले. मी तयारी करत होतो. मीठ. बाप मिठागरात काय करतो ते सगळं, खाडीचं पाणी आत घेण्यापासून फळीने मीठ ओढण्यापर्यंत. रविवारी गावी गेलो की बापाला विचारायचो, हे कशावरून? बाप म्हणायचा, मुंबईचा वारा लागला याला. माझं नाव काही निघालं नाही.

सरांचा शेवटचा गुरुवार आला. ते निवृत्त होणार होते. मी डब्यात हात घातला, एक पुठ्ठा न वाचता काढून दिला. सरांनी तो वाचला. माझ्याकडे बघितलं. नेहमी पुठ्ठा परत डब्यात टाकायचे, त्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशात घातला. "माईणकर," म्हणाले, खडू मोडला आणि बोलायला लागले. खूप छान बोलले असावेत. बाकीच्यांचे डोळे ओले झाले होते.

मी दाराबाहेर बसून डब्यातले पुठ्ठे जमिनीवर मांडले. नऊ होते. त्यात माईणकर होता. नव्हता तो माझा.

इतका राग मला त्या कारकुनाचाही आला नव्हता. वर्षभर मी भ्यायलो, ते काय फुकट? चहाच्या वेळी किटली टेबलावर ठेवली आणि निघून आलो. सरांचा कप कोणी ओतला ते मला माहीत नाही. निरोपाच्या हारतुऱ्यालाही मी थांबलो नाही. रजा टाकून गावी येऊन बसलो.

पंधरा दिवसांनी दुपारी शेजारचा सांगत आला की तुमचा सायेब मोऱ्याला उतरून शाळेपाशी आलाय, एकटाच, पांढराफटक पडलाय. मी धावलो. सर शाळेच्या पायरीवर बसले होते. सोबत धरायला कोणाचं मनगट नसताना ते पाणी ओलांडून आले होते.

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, "सर, त्या दिवशी माझं नाव निघालं होतं."

"कशावरून?"

"डब्यात दहा असतात. मागाहून नऊ होते. त्यात तुमचं होतं. माझं नव्हतं. म्हणजे तुमच्या खिशात गेलं ते माझं."

सर म्हणाले, "बरोबर." गुरुवारच्या खोलीत हा शब्द मी त्यांच्या तोंडून फार तर तीनदा ऐकला असेल. मग हळू आवाजात म्हणाले, "मला भीती वाटली, हिराजी."

कसली, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे पागेबाईंच्या पुठ्ठ्याची ती मऊ कड आली आणि माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

त्यांनी खिशातून पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. शाळेत गेले, शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. शाळा सुटलेली होती. मी फळ्यापाशी उभा राहिलो. खडू मोडला. माझ्या टाचा वर आहेत हे मला कळत होतं, पण त्या खाली येईनात. मग फळ्यावर मिठागराचे चौकोन काढले आणि बोलायला लागलो. खाडीचं पाणी पहिल्या खणात, तिथून दुसऱ्यात, ऊन पीत पीत जड होत जातं. शेवटच्या खणात ते इतकं जड होतं की आज मीठ बसणार हे कळतं.

"कशावरून?"

बापाने सांगितलं, असं तोंडावर आलं होतं. ते चालणार नव्हतं. मी म्हटलं, "फळ्यावर नाही सांगता येणार. चला."

बांधावर गेलो. सर खणाच्या कडेला उकिडवे बसले. वीतभर पाणी, पण माझा खांदा घट्ट धरून. मी दोन बोटं बुडवली, चोळून दाखवली. तेलासारखं लागतं, वाळलं की पांढरं होतं, बोटाच्या भेगेत आग होते. सरांनी बराच वेळ घेतला. मग डोळे मिटून हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत. बाहेर काढून बोटं चोळली, पुन्हा चोळली.

"मला नाही कळत," म्हणाले.

म्हटलं, वर्षं लागतात, सर.

चहा मी ओतला. संपेपर्यंत ते उठले नाहीत.

मोऱ्याला लाँच लागली होती. मी सोबत येतो म्हणालो तर नको म्हणाले. इंजिनाजवळ, समुद्राकडे पाठ करून बसले. डाव्या हाताने खांब धरला होता. उजवा हात कोटापासून लांब, बोटं पसरून, तसाच वर धरून ठेवला होता. त्यावर मीठ वाळून पांढरं झालं होतं आणि त्यांनी ते बाहीला पुसलं नव्हतं. लाँच वळेपर्यंत मला ते दिसत होतं.